घंगाळावर परत परत येणारा हिरवा कळंक: माझा अनुभव

प्रवेशदारापाशी चपलांच्या नव्या पांढऱ्या कपाटाशेजारी आजीचे पितळी घंगाळ पाणी आणि फुले घालून ठेवले होते. परंतु कितीही घासले तरी आठवड्याभरात पाण्याच्या रेषेवर हिरवा कळंक उमटत असे. चिंच-मिठाने घासून पाहिले, वर स्प्रेचे लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेप, मारले. लॅकरखालूनही हिरवे फुटले, तेव्हा घंगाळ माळ्यावर टाकण्याच्या बेतात मी आले होते. दोष मिठाचा होता: कड्यांच्या रिव्हेटांभोवती उरलेले क्षार ओलावा मिळताच पितळेतील तांब्यावर पुन्हा कळंक आणतात.

शेवटी खिडक्या उघड्या ठेवून थिनरने लॅकर काढले, मीठ न घेता नुसत्या लिंबाने डाग उतरवले, लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन साध्या पाण्याने तीनदा खळबळले, कोरडे पुसून दोन तास उन्हात ठेवले आणि धातू कोमट असतानाच रंगहीन मेणाचा पातळ हात देऊन सुती फडक्याने चमकवले. पाणी आता आत बसवलेल्या काचेच्या वाडग्यात असते, पितळेला लागत नाही. कड्यांवरचा जुना काळपटपणा मात्र मुद्दाम राखला आहे, कारण कोऱ्या कपाटाशेजारी तोच शोभतो.