गोठ्यात हात घालण्याआधी: सरावाच्या दिवसाची तयारी

रविवारी पुण्यात पशुवैद्यकी शिकणारी मुलं खऱ्या जनावराआधी नमुन्यांवर सरावाला येतायत, म्हणून खरेदी शुक्रवारीच उरका. बोहरी आळीत सकाळी लवकर जा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. मऊ रबरी नळी, स्पंज, रेक्झिन, सुती दोर आणि एक मोठा प्लास्टिकचा ड्रम आणा. नळी जरा जास्तच घ्या, टोचून टोचून ती गळायला लागते.

मानेच्या शिरेत सुई टोचायच्या सरावासाठी नळीला सलाईनची बाटली जोडून ती उंच टांगा, पाण्यात लाल रंग घाला. नळीच्या खाली-वर स्पंज लावून वरून रेक्झिन ताणा. दुसरं टोक बादलीत सोडून त्यावरचा चिमटा अर्धवट उघडा ठेवा. बादलीच्या बाजूला अंगठा दाबला की शीर फुगली पाहिजे. ती फुगत नसेल तर सराव सुरू करू नका.

सगळ्यात जास्त वेळ ड्रमला द्या. गाय गाभण आहे का हे गुदद्वारातून हात घालून, आतड्याच्या भिंतीतून गर्भाशय चाचपून बघतात; त्या सरावासाठी ड्रम म्हणजेच गाय. मी शिकत होतो तेव्हा आम्ही सात जणांनी पाठोपाठ एकाच गाईत हात घातला होता. शेवटच्याच्या मोज्याला रक्त लागलं, गाय थरथरत होती. ते मी विसरलेलो नाही. ड्रम आडवा घट्ट बांधा, तोंडाशी हात जाईल एवढंच भोक ठेवा. आत पाणी भरलेल्या फुग्यांची गर्भाशयाची शिंगं (त्याचे दोन फाटे), फुग्यांत रबराचे गर्भ: दोन महिन्यांचा उंदराएवढा, चार महिन्यांचा लहान मांजराएवढा. मागची बाजू कापून उघडी ठेवा, म्हणजे बोटं कुठे चाचपडतायत ते शिकवणाऱ्याला दिसेल. खऱ्या गाईत नेमकं हेच दिसत नाही. ब्रिटनमध्ये सारा बेली यांनी संगणकाला जोडलेली ‘हॅप्टिक काऊ’ केली, तिच्यात शिकवणारा हे पडद्यावर बघतो. भोकाभोवती रक्तदाब मोजायचा जुना पट्टा गुंडाळा आणि मधूनच फुगवा. आतडं असंच आवळतं. तेव्हा हात थांबवायचा, रेटायचा नाही.

टाके घालायच्या सरावासाठी स्पंजावर रेक्झिन पुरे. मोरकी (जनावराच्या तोंडाभोवती बांधायचा दोर) आणि ओढताच सुटणारी गाठ मात्र प्रत्येकाकडून करून घ्या. जनावर पडलं तर दावं क्षणात सुटलं पाहिजे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू देऊ नका, ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात.

खांद्यापर्यंतचे मोजे आणि लिक्विड पॅराफिन ड्रमपाशी ठेवा. दारात नेलकटर आणि एक रिकामा डबा असू द्या: नखं तिथेच कापायची, अंगठ्या, घड्याळं, बांगड्या, कडी डब्यात.