रोबोट येण्याआधी वेल्डरने काय शिकून ठेवायचं

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, रांजणगाव पट्ट्यातल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डिंग रोबोट एका रात्रीत येत नाही. तो येणार हे काही महिने आधी शॉपमध्येच दिसायला लागतं. कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन तुमच्या जॉबचा (वेल्ड करायच्या वस्तूचा) सायकल टाइम मोजतं. फरशीवर पिवळे चौकोन आखले जातात, नवी केबल ट्रे फिरते, हवेची लाइन वाढवतात. टूलरूमची माणसं त्याच एका जॉबची भोकं आणि कडा पुन्हा पुन्हा तपासतात. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की शिकायला लागायचं. सेल (रोबोटची कुंपण घातलेली जागा) बसून ट्रायल संपल्यावर हात वर करणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा लोडिंग, म्हणजे जॉब लावणं-काढणं, येतं, आणि पुढच्या टप्प्यात पहिल्यांदा कमी होतं ते लोडिंगच.

एकाच ब्रॅकेटवर दिवसभर त्याच चार बीड (वेल्डच्या रेषा) मारायच्या, हे काम जाणार, याबद्दल मनात शंका ठेवू नका. राहतं ते रिपेअर, छोट्या लॉटचे बदलते जॉब, फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) लावणं आणि बीड का बिघडली ते ओळखणं. यातलं शेवटचं काम आमच्या मते सगळ्यात मोलाचं. सीम शोधणारा सेन्सर लावलेला नसेल तर रोबोट शिकवलेल्या पॉइंटवरूनच जातो, जोड तिथे असो वा नसो. हाताने वेल्डिंग करताना फट दिसली की तुम्ही नकळत टॉर्च जरा हलवता, वेग कमी करता. ती नजर रोबोटकडे नाही. प्रोग्रॅमिंगचा कोर्स केलेला पण आर्क कधी न पाहिलेला मुलगा नेमका इथेच अडतो. सीओटू वेल्डरचा दहा वर्षांचा हात इथे कामाला येतो, फक्त त्याला पेंडंटची, म्हणजे रोबोट चालवायच्या हातातल्या कंट्रोलची, जोड हवी.

बीड बिघडली की कुठे पाहायचं

१.२ मिमी वायर असेल तर जोडाची जागा वायरच्या निम्म्या जाडीपेक्षा, म्हणजे ०.६ मिमीपेक्षा जास्त सरकली की बीड चुकायला लागते. हा आकडा पक्का लक्षात ठेवा.

जॉबवरच्या सगळ्याच बीड सरकल्या असतील तर आधी टॉर्च पाहा. धक्का लागून त्याची मान वाकलेली असते. टॉर्च ठीक असेल तर फिक्श्चर ढिलं झालंय का ते तपासा. एकच बीड सरकली असेल तर दोष त्या जागच्या क्लॅम्पचा किंवा त्या प्रेस पार्टचा. प्रेस शॉपमध्ये कॉइल बदलली की पार्टचा स्प्रिंगबॅक (वाकवलेला पत्रा थोडा परत उलटा येणं) बदलतो, म्हणून पार्टचा लॉट नंबर आधी पाहायचा. एक जॉब बरोबर आणि पुढचा चुकीचा असं होत असेल तर कॉन्टॅक्ट टिप काढून उजेडात धरा. भोक लंबगोल झालेलं असेल तर वायर डोलत बाहेर येते. टिप नवी असूनही तेच चालू असेल तर फिक्श्चरच्या रेस्टिंग पॅडवरून बोट फिरवा. तिथे स्पॅटरचा (वेल्डिंगमध्ये उडालेल्या धातूचा) १ मिमीचा दाणा चिकटला तर जॉब तेवढाच उचलला जातो, आणि वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

ब्लो होल (बीडमध्ये गॅसची भोकं) आले की करंटला हात लावू नका. नोझल स्पॅटरने भरलंय का, गॅसचा फ्लो मिनिटाला १५ लिटरच्या आसपास आहे का, पेडेस्टल फॅनचा वारा सेलमध्ये येतोय का, पार्टवर प्रेसचं तेल किंवा गंज आहे का, या क्रमाने बघत जा.

पाळी सुरू होताना दोन मिनिटं टीसीपी, म्हणजे वायरचं टोक रोबोटने धरलेल्या जागीच आहे का, ते तपासायची सवय लावा. सेलमध्ये टोकदार पिन पक्की बसवलेली असते. वायर १५ मिमी बाहेर ठेवून छाटायची आणि चेक प्रोग्रॅमने रोबोटला पिनपाशी आणायचं. वायरचं टोक पिनवरून वायरच्या निम्म्या जाडीएवढं जरी हललेलं दिसलं तरी लॉट सुरू करू नका.

पेंडंट हातात घेताना

मॅन्युअल मोडमध्ये कमी वेगाने चालवताना रोबोटचा वेग सेकंदाला २५० मिमीपर्यंत मर्यादित असतो. पेंडंटमागचं एनेबल बटण तीन टप्प्यांचं असतं: सोडलं तर रोबोट थांबतो, मधल्या दाबावर चालतो, घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतो. हा मधला दाब बोटांना सवयीचा झाला की बाकीचं सोपं जातं. आधी एकेक जॉइंट हलवून बघा, मग टूल कोऑर्डिनेटमध्ये टॉर्चच्या दिशेने पुढे-मागे न्या. हे जमल्यावरच पॉइंट टचअप, म्हणजे शिकवलेला पॉइंट जरा सरकवणं, शिका. टचअपच्या आधी प्रोग्रॅमचा बॅकअप घ्यायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पॉइंट, वेग आणि व्होल्टेज एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे शोधायला अख्खी पाळी जाते.

नव्या माणसाची सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वाकड्या पार्टसाठी प्रोग्रॅम सरकवणं. तो लॉट निघून जातो, पुढचा चांगला लॉट येतो आणि रिजेक्शनची ट्रॉली भरते. सलग पाच जॉब मोजा. पाचही एकाच दिशेला, सारखेच चुकत असतील आणि पार्ट ड्रॉइंगप्रमाणे असतील, तरच पॉइंटला हात लावा.

रोबोट नुसता उभा दिसला म्हणून कुंपणाच्या आत जायचं नाही. तो बंद नसतो, एखाद्या सिग्नलची वाट बघत असतो. आत जाताना गेटला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची.

सेल थांबते ती बऱ्याचदा सेन्सरमुळे. जॉब बसलाय आणि प्रॉक्सिमिटी सेन्सरचा दिवा लागत नाही, तर आधी सेन्सरचं तोंड पुसा, मग अंतर पाहा. एम१२ आकाराचा साधा सेन्सर जेमतेम २ ते ४ मिमीवरूनच लोखंड ओळखतो. २४ व्होल्ट डीसी मल्टिमीटरवर मोजता आलं, तर मेंटेनन्सची वाट न बघता निम्मे स्टॉपेज तुम्हीच सोडवाल.

शिकायला कुठे जायचं

औंधची शासकीय आयटीआय आणि मोरवाडीची पिंपरी-चिंचवड महापालिकेची आयटीआय इथे चौकशी करा. खासगी क्लासला पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: एका पेंडंटवर किती जण बसतात, आणि आर्क खरोखर लावून दाखवता का? नुसत्या सिम्युलेटरवर शिकवत असतील तर ती फी वाचवलेली बरी. जमलं तर तुमच्या कंपनीत येणाऱ्या मेकचाच रोबोट तिथे आहे ना, हेही बघून घ्या. आणि सेल बसवायला इंजिनिअर येतील त्या आठवड्यात सुट्टी टाकू नका. त्यांच्याशेजारी उभं राहून मिळतं ते कुठल्याच वर्गात मिळत नाही.

रोज एक वही लिहा: तारीख, जॉब, काय बिघडलं, कारण, काय केलं. सहा महिन्यांची अशी वही मुलाखतीत सर्टिफिकेटच्या शेजारी ठेवली की समोरचा सुपरवायझर ती उलगडून वाचतो.

कागद सांभाळा

औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. नव्या यंत्रामुळे कामगारांची कपात होण्याची शक्यता असेल तर मालकाने बदलाच्या २१ दिवस आधी नोटीस द्यायची असते. वर्षभर, म्हणजे १२ महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कपातीत किमान एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी मिळते. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा पगार कपातीनंतर ४५ दिवसांत खात्यात यायला हवा. मुदतीच्या करारावर असाल तर करार संपणं ही कपात धरली जात नाही, म्हणून कराराची तारीख आजच बघून ठेवा.

नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक यांची एक प्रत घरी असू द्या. हिशेब देताना कोणी छापील राजीनामा पुढे सरकवला तर तिथल्या तिथे सही करू नका. स्वतःहून दिलेला राजीनामा ही कपात ठरत नाही, आणि वरची भरपाई तिथेच हातची जाते. कागदाचा फोटो काढा, युनियनला किंवा अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाखवा, आणि मगच पेन उघडा.