किनाऱ्यावरच्या गाडीच्या रंगावरच्या बारीक रेघा मशीनने कशा काढाव्यात

गडद रंगाची गाडी सकाळच्या तिरप्या उन्हात उभी करा आणि बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथे निरखून पाहा. त्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेघा दिसल्या, तर ते स्वर्ल मार्क. रेघा खरं तर गोल नसतात. त्या सगळ्या दिशांना ओढलेल्या असतात, पण उजेडाला आडव्या असलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून नजरेला गोल वाटतात. ट्यूबलाइटखाली यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे शोरूममध्ये आरशासारखी दिसलेली गाडी घरी आणल्यावर उन्हात वेगळीच दिसते.

कोकणात या रेघा लवकर पडतात. खाऱ्या वाऱ्याने आलेलं मीठ दमट हवेत ओलसर राहतं आणि जांभ्याची तांबडी धूळ त्याला धरून बसते. सकाळी त्यावरून कोरडं फडकं किंवा झटकणी फिरवली की धुळीचे कण रंगावर घासत जातात. बॉडी कव्हर घालूनही सुटका नाही. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवलं आणि ते वाऱ्याने रात्रभर फडफडलं, तर तेच काम कव्हर करतं. वाडीतल्या अरुंद रस्त्यावर करवंदीच्या जाळ्यांनी दारांवर ओढलेल्या लांब, सरळ रेघा मात्र वेगळ्या. त्या बहुधा खोल असतात आणि त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

मशीन हातात घेण्याआधी एक हिशेब समजून घ्या. आजच्या बहुतेक गाड्यांवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. पॉलिशिंग म्हणजे रेघ भरणं नव्हे. रेघेच्या तळाच्या पातळीपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट उतरवणं. नीट केलेल्या कामात १ ते ३ मायक्रॉन जातात. दर दिवाळीला ‘रबिंग’ करून घेणाऱ्या गाडीचा क्लिअर कोट काही वर्षांत इतका पातळ होतो, की किनाऱ्यावरच्या उन्हात टपावर आणि बोनेटवर पांढरे डाग पडून पापुद्रे सुटू लागतात. त्यावर रंगकामाशिवाय इलाज नाही. म्हणून नखाला अडकणारी रेघ मशीनने संपवायच्या मागे लागू नका. तिच्या कडा थोड्या गोलावल्या की ती कमी दिसते, तेवढं पुरे.

रंगाची जाडी मोजायचा गेज भाड्याने किंवा उसना मिळाला तर प्रत्येक पॅनलवर चार-पाच ठिकाणी लावून पाहा. ८०-९० मायक्रॉनच्या खाली आकडा आला तर त्या पॅनलवर फक्त हलकं फिनिशिंग, म्हणजे सौम्य शेवटचं पॉलिश करा. २०० च्या वर आला तर पॅनल पुन्हा रंगवलेलं किंवा खाली पुटी असण्याची शक्यता जास्त. साधा चुंबकीय गेज लोखंडी पत्र्यावरच चालतो, प्लास्टिकच्या बंपरवर नाही. जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीवर क्लिअर कोट नसलेला एकथरी रंग असेल तर मशीनच्या पॅडवर गाडीचाच रंग उतरेल. तिथे ते साहजिक आहे, घाबरू नका. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर मात्र पॅडला रंग लागला, तर मशीन तिथेच बंद करा.

मशीन आणि सामान

नवशिक्यांसाठी डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन पॉलिशरच घ्यावा. त्यात पॅड गोल फिरता फिरता मध्यापासून सरकलेल्या छोट्या वर्तुळातही हलतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. रोटरी मशीन एकाच अक्षावर फिरतं. ते लवकर कापतं आणि तितक्याच लवकर रंग जाळतं. गॅरेजमधून ‘पॉलिश’ होऊन आलेल्या गाडीवर उन्हात इंद्रधनुषी पट्टे दिसतात, ते बहुधा रोटरी आणि लोकरीचं पॅड वापरून फिनिशिंग न केल्यामुळे.

१५ मिमी थ्रोचं (थ्रो म्हणजे पॅड हलतं त्या छोट्या वर्तुळाचा व्यास), १२५ मिमी बॅकिंग प्लेटचं (पॅड चिकटतं ती तबकडी) मशीन बहुतेक कामाला पुरतं. खांब, आरसे आणि दारांच्या मुठींभोवती ७५ मिमीचं छोटं पॅड लागतं. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक उभी रेघ मारून ठेवा. पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय ते तिच्यावरून कळतं.

एका हॅचबॅकसाठी मधल्या, म्हणजे मध्यम कडक फोमची चार-पाच पॅड, कटिंगची दोन आणि फिनिशिंगची दोन घ्या. पॅडच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीची रंगखूण वेगळी असते. शिवाय एक कटिंग कंपाउंड (जास्त कापणारं), एक फाइन पॉलिश (सौम्य), ३०० ते ५०० जीएसएमचे (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे) पंधरा-वीस मायक्रोफायबर टॉवेल, मास्किंग टेप, क्ले बार (रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ वडी), आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चांगला एलईडी टॉर्च. टॉवेलची शिवलेली लेबलं आधीच कापून टाका, त्यांनीच नव्या रेघा पडतात. एक्स्टेन्शनची वायर जाड आणि अर्थिंगसह घ्या. लांब, बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, मशीनचा वेग कमी-जास्त होतो आणि मोटर तापते.

जागा आणि वेळ

दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात पॅनल पुसून कोरडं होईपर्यंत पुन्हा दमट होतं. भर उन्हाळ्यात दुपारी कंपाउंड काम करण्याआधीच सुकतं. किनाऱ्याजवळ समुद्राचा वारा दुपारकडे चढतो आणि बारीक वाळू, धूळ घेऊन येतो, म्हणून मशीनचं काम सकाळी उरका. खळ्यात काम करणार असाल तर आधी पाण्याचा सडा मारून धूळ बसवा, आणि आसपास कुणी झाडू मारणार नाही हे बघा. आंब्याखाली गाडी नको. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट स्राव झाडाखालच्या प्रत्येक गोष्टीवर पडतो, आणि पुढे फळं धरली की चीक.

धुलाई आणि क्ले

मीठ किंवा वाळूचा एक कण पॅडमध्ये अडकला तर सगळी मेहनत उलटी जाते, तेव्हा या टप्प्यात घाई नको. आधी भरपूर पाणी मारा. चाकांच्या कमानी, दाराखालच्या पट्ट्या, नंबरप्लेटच्या मागची जागा, डिकीची फट सोडू नका. मग शॅम्पूचा फेस पाचेक मिनिटं ठेवून धुवा. दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी. वरून खाली, शेवटी चाकं. बोअरचं पाणी अंगावर सुकू देऊ नका, चुन्याचे डाग बसतात. बसलेच असतील तर समभाग पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर अर्धा मिनिट ठेवून धुऊन टाका. आमसुलाने तांब्या-पितळेची भांडी उजळतात म्हणून ते गाडीवर चोळणारे आहेत. त्यातला चोथाच रंग घासतो.

रेल्वे स्टेशनजवळ उभी राहणाऱ्या किंवा आंबोलीसारख्या घाटात रोज चढ-उतार करणाऱ्या गाडीवर ब्रेकची आणि रुळांची लोखंडी कणी रुतलेली असते. त्यासाठी आयर्न रिमूव्हर फवारा. तो जांभळा झाला म्हणजे लोखंडावर काम करतोय. गार पॅनलवर, सावलीत, हातमोजे घालून वापरा आणि सुकण्याआधी धुवा. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा.

आता हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पॅनलवरून फिरवा. खरखर लागली तर क्ले हवा. क्लेचा तुकडा मळून चपटा करा, शॅम्पूचं पाणी सढळ हाताने फवारा आणि सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा, जोर न लावता. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या. त्यात रुतलेली वाळू धुऊन निघत नाही. क्लेने थोडं धूसरपण येतं, पुढच्या पॉलिशमध्ये ते जातं.

नंतर रबर, काळं प्लास्टिक, लोगो, दिव्यांच्या कडा आणि पॅनलच्या धारदार घड्यांवर मास्किंग टेप लावा. धारेवर रंग सर्वांत पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो. रंग जळतो तो बहुधा तिथेच.

नमुन्याचा चौकोन

सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास, आणि बहुतेक जण नेमका हाच वगळतात. बोनेटवर ४० बाय ४० सेंमीचा चौकोन टेपने आखा. सुरुवात सर्वांत सौम्य जोडीने करा: मधल्या फोमचं पॅड आणि फाइन पॉलिश.

पॅड नवं असेल तर त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर पॉलिशचा पातळ थर बोटाने चोळून घ्या. मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद ठेवून पॅड पॅनलला टेकवा, थेंब पसरवा, आणि मगच १ च्या वेगावर सुरू करा. हवेत सुरू केलं तर पॉलिश भिंतीपर्यंत उडतं. पसरून झालं की वेग ४ किंवा ५ वर घ्या. सेकंदाला दोन-तीन सेंमी, याहून जास्त नको. आधी आडव्या, मग उभ्या फेऱ्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली. अशा चार ते सहा फेऱ्या झाल्या की एक संच. दाब साधारण पाच किलोच्या आसपास. वजनकाट्यावर मशीन दाबून एकदा अंदाज घेतलात तर पुरेसं. दाबाने बॅकिंग प्लेटवरची रेघ फिरायची थांबली तर दाब जास्त झाला किंवा पॅड सपाट टेकलेलं नाही. शेवटची फेरी मशीनच्या वजनावरच घ्या.

पुसा आणि लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल रेघांत भरून त्या झाकतं. १० ते १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून फवारा, पुसा, मग टॉर्च तिरपा धरून किंवा उन्हात गाडी काढून बघा. ८०-९० टक्के रेघा गेल्या असतील तर हीच जोडी पूर्ण गाडीला. नसतील तर एकाच गोष्टीत बदल करा: आधी कटिंग पॅड, तरी नाही जमलं तर कंपाउंड. दोन्ही एकदम बदलल्यास कशाने फरक पडला ते कळत नाही. अमुक देशाच्या गाडीचा रंग मऊ, तमुक देशाचा कडक, हे ऐकीव अंदाज बाजूला ठेवा. चौकोन सांगेल तेच खरं.

पूर्ण गाडी

ठरलेली जोडी घेऊन त्याच आकाराचे चौकोन करत जा. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा. क्लिअर कोटची उतरलेली पूड आणि सुकलेलं पॉलिश पॅडमध्ये साठलं की ते कापत नाही, नुसतं तापतं. दोन-तीन पॅनलनंतर पॅड बदला. पॅनलला तळहात लावून पाहत राहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर थांबा. प्लास्टिकचा बंपर उष्णता पसरवत नाही, त्यामुळे तो पत्र्यापेक्षा लवकर तापतो. तिथे वेग ३-४, दाब कमी, फेऱ्या कमी. कटिंग केलं असेल तर नंतर फिनिशिंग पॅड आणि फाइन पॉलिशने, नुसत्या मशीनच्या वजनावर, पुन्हा सगळी गाडी घ्यावी लागते. एकाच टप्प्यात जमलं तर हॅचबॅकला पाच-सहा तास, दोन टप्प्यांना पूर्ण दिवस धरा.

पांढरी पूड खूप उडत असेल तर पॉलिश कमी पडतंय किंवा सुकल्यावरही मशीन चालू आहे. चिकट, तेलकट थर पुसला जात नसेल तर पॉलिश जास्त झालंय किंवा हवा फार दमट आहे. एकसारखं धूसरपण, विशेषतः काळ्या रंगावर, म्हणजे पॅड रंगाच्या मानाने आक्रमक. ते फिनिशिंगने जातं. पॅडचा फोम वेलक्रोपासून सुटू लागला तर मधोमध उष्णता साठली आहे: दाब कमी करा, पॅड आलटून पालटून वापरा. एखादा चौकोन बाकीच्यांसारखा उजळत नसेल तर फेऱ्या वाढवण्याआधी त्या पॅनलची जाडी बघा.

शेवटी अल्कोहोलने पुसून त्याच दिवशी सीलंट किंवा वॅक्सचा संरक्षक थर लावा; उघड्या रंगावर रात्रीचा खारा वारा बसू देऊ नका. सिरॅमिक कोटिंग करायचं असेल तर बाटलीवरच्या तापमान-आर्द्रतेच्या मर्यादा पाळा. त्याने मीठ आणि माती सहज धुऊन निघते, पण कोरड्या फडक्याच्या रेघा त्यावरही पडतात. रोजची धूळ आधी पाण्याने उतरवा. ते शक्य नसेल त्या दिवशी काच तेवढी पुसा आणि बाकीची गाडी तशीच राहू द्या.

पॅड कोमट पाण्यात थोड्या भांड्याच्या साबणाने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि फोमची बाजू खाली करून सावलीत सुकवा. पावसाळ्यापूर्वी ती पूर्ण कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नाही तर गणपतीपर्यंत त्यांना बुरशी येते.