एक्स्चेंजचा भाव वाचायला शिका: फुटबॉल, टक्केवारी आणि एक कोरी वही

बेटिंग एक्स्चेंजवरचा 2.04 हा आकडा म्हणजे उलटा लिहिलेला टक्का. 1 ला 2.04 ने भागा, 49 टक्के येतात. यजमान संघ जिंकण्याची शक्यता बाजार सध्या एवढी धरतोय, एवढाच त्याचा अर्थ. हा भागाकार सवयीचा झाला की सामना बघण्याची रीतच बदलते.

लंडनमध्ये 2000 साली बेटफेअर हे एक्स्चेंज सुरू झाले तेव्हापासून एक्स्चेंजची रचना साधारण तीच आहे. समोर बुकी नसतो, दुसरा ग्राहक असतो. एक जण 'होईल' म्हणतो, दुसरा 'होणार नाही' म्हणतो, आणि कंपनी जिंकणाऱ्याच्या नफ्यातून कमिशन कापते. पहिल्या बाजूला बॅक म्हणतात, दुसरीला ले. आपल्याकडच्या बोलीत लगाई आणि खाई. नवा माणूस गोंधळतो तो खाईत. 4.00 भावाने 100 ची खाई घेतली, तर जिंकल्यास 100 मिळतात आणि हरल्यास 300 जातात, कारण जोखीम म्हणजे भाव वजा 1, गुणिले रक्कम. 'शंभरच तर लावले' हे वाक्य इथे चुकीचे आहे.

पुण्यात बसून हे सगळे वहीत करायचे, पैसे न लावता. ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि बँकेने त्यांचे व्यवहार पुढे नेणे या तिन्हींवर त्यात बंदी आहे. राज्यात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा त्याआधीपासून आहेच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आयडी', म्हणजे पैसे लावायचे खाते, देणारा एक्स्चेंज चालवत नसतो. तुमचे पैसे त्याच्या खिशात जातात, ते परत देणे न देणे त्याच्या मर्जीवर असते आणि तक्रार कुठे करायची हा प्रश्न उरतो. खाली सांगितलेल्या पद्धतीत एक रुपयाही लागत नाही, आणि शिकण्यासारखे काहीही त्यामुळे सुटत नाही.

आकडे फुकट मिळतात. फुटबॉल-डेटा डॉट को डॉट यूके या साइटवर इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या प्रत्येक हंगामाची फाइल असते. तीत निकाल, दोन्ही संघांचे गोल आणि सामन्यापूर्वीचे भाव असतात. फाइल एक्सेलमध्ये उघडा आणि आधी लीगची सरासरी काढा: घरच्या मैदानावर प्रति सामना किती गोल, बाहेर किती. उदाहरणासाठी घरची 1.55 आणि बाहेरची 1.25 धरू.

आता दोन संघ घ्या. यजमान घरी सरासरी 1.86 गोल करतो, म्हणजे लीगच्या 1.2 पट. पाहुणा बाहेर सरासरी 1.33 गोल खातो, म्हणजे लीगमधल्या यजमानांच्या 1.55 च्या 0.86 पट. 1.55 गुणिले 1.2 गुणिले 0.86, उत्तर 1.6. यजमानाचे अपेक्षित गोल 1.6 झाले. पाहुण्याचे याच रीतीने काढा, ते 1.1 आले असे समजू. एक्सेलच्या पॉयझन डॉट डिस्ट (POISSON.DIST) या फंक्शनला गोलांची संख्या, ही सरासरी आणि शेवटी फॉल्स दिले की 0, 1, 2, 3 गोलांची शक्यता वेगवेगळी मिळते. यजमानाच्या शक्यता उभ्या लिहा, पाहुण्याच्या आडव्या, आणि प्रत्येक चौकटीत दोघींचा गुणाकार भरा. 6 गोलांपर्यंत तक्ता पुरे. कर्णावरची बेरीज म्हणजे बरोबरी, कर्णाखालची यजमानाचा विजय आणि कर्णावरच्या भागातली पाहुण्याचा. या उदाहरणात यजमान 49 टक्के, बरोबरी 25, पाहुणा 26 येतात. उलटे केले की भाव 2.04, 4.00 आणि 3.85.

तक्ता चुकतो तो ठरावीक ठिकाणी. कमी गोलांच्या बरोबऱ्या, म्हणजे 0-0 आणि 1-1, साधा पॉयझन जरा कमी दाखवतो. डिक्सन आणि कोल्स या दोघा संशोधकांनी 1997 मध्ये त्यावर दुरुस्ती सुचवली. सुरुवातीला ती लावू नका, फक्त बरोबरीचा आकडा थोडा कमी येतोय हे लक्षात ठेवा. दुसरी चूक जास्त महागात पडते: हंगामाच्या सुरुवातीच्या पाच सामन्यांवर विश्वास. पाच घरच्या सामन्यांत एखादा संघ लीगच्या 1.6 पट गोल करतो, आणि तक्ता त्याला अजिंक्य ठरवतो. उपाय सोपा आहे. त्या पाच सामन्यांत लीगच्या सरासरीचे, म्हणजे 1 पटीचे, दहा काल्पनिक सामने मिसळा. पाच गुणिले 1.6 अधिक दहा, भागिले पंधरा, उत्तर 1.2. सामने वाढत गेले की काल्पनिकांचे वजन आपोआप कमी होते. याच कारणाने लहान लीग टाळा. बालेवाडीत एफसी पुणे सिटी खेळायची त्या 2017-18 च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगामात साखळीत प्रत्येक संघाचे घरचे सामने 9 होते. प्रीमियर लीगमध्ये ते 19 असतात, आणि तेही कमीच वाटतात.

घरच्या मैदानाचा फायदा कायमचा ठरलेला आहे असेही समजू नका. 2020-21 च्या हंगामात प्रेक्षागृहे जवळपास रिकामी होती, आणि प्रीमियर लीगमध्ये यजमान 144 सामने जिंकले तर पाहुणे 153. गोलांचेही तसेच. 2023-24 मध्ये वाया गेलेल्या वेळेची काटेकोर भरपाई सुरू झाली आणि 380 सामन्यांत 1246 गोल झाले. जुन्या हंगामाची सरासरी तशीच पुढे ओढली तर सगळा तक्ता वाकडा होतो.

आता खरी शिस्त. आपला टक्का भाव बघण्यापूर्वी शाईने लिहायचा. आधी भाव पाहिला की हात नकळत तिकडे झुकतो, आणि मग तुम्ही बाजाराचेच मत स्वतःच्या अक्षरात उतरवता. इंग्लंडमधल्या शनिवारी दुपारी तीनच्या सामन्याला आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात आणि त्यांच्या उन्हाळी वेळेत साडेसात. ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचे घड्याळ बदलते, त्या आठवड्यात हमखास घोळ होतो. दुपारी तक्ता भरा, संध्याकाळी संघ जाहीर झाले की एकदाच दुरुस्ती करा. पहिला गोलरक्षक किंवा मुख्य स्ट्रायकर नसेल तर अपेक्षित गोल किती बदलायचे, हा नियम हंगामाआधीच ठरवलेला असावा. सामन्याच्या रात्री सुचलेली दुरुस्ती बहुतेक वेळा आवडत्या संघाच्या बाजूने असते.

फाइलमधला भाव बुकींचा असेल तर आधी त्यांचा फायदा काढून टाका. 2.00, 3.60 आणि 3.80 यांचे टक्के अनुक्रमे 50, 27.8 आणि 26.3. बेरीज 104.1. प्रत्येकाला 1.041 ने भागले की 48, 26.7 आणि 25.3 उरतात. तुलना याच्याशी करायची.

समजा तुमचे 49 टक्के आहेत आणि भाव 2.10 आहे. शंभराच्या कागदी लगाईवर सरासरी 2.90 सुटतात. जिंकल्यावर 5 टक्के कमिशन धरा: 110 चे 104.50 होतात, आणि सरासरी नफा 20 पैशांवर येतो. इतक्या फरकासाठी वहीत नोंदही करू नये. आपला टक्का आणि भावाचा टक्का यांत किमान चारचा फरक असेल तरच लगाई लिहा, हा नियम आम्हाला योग्य वाटतो.

भाव हलल्यावर सौदा मोडण्याचे गणितही एका ओळीचे आहे. 2.40 ला 100 ची लगाई, पुढे भाव 2.00 झाला. 100 गुणिले 2.40 भागिले 2.00, म्हणजे 120 ची खाई. यजमान जिंकला तर 140 मिळतात आणि 120 जातात, नाही जिंकला तर 100 जातात आणि 120 मिळतात. दोन्हीकडे 20.

सामना सुरू असतानाचा मोह सर्वांत वाईट. तीनपेक्षा कमी गोल होतील याचा भाव वरच्या उदाहरणात सुरुवातीला 2.03 आहे. साठाव्या मिनिटाला 0-0 असेल आणि उरलेल्या वेळात सरासरी एक गोल अपेक्षित धरला, तर तो 1.09 वर येतो. नुसते बसून राहिले तरी नफा वाढतोय असे वाटते. त्याच मिनिटाला गोल झाला की भाव थेट 1.36. मधल्या एकाही भावाला बाहेर पडायला जागा मिळत नाही, कारण गोल आणि व्हीएआरच्या (पंचांच्या व्हिडिओ तपासणीच्या) वेळी बाजार थांबवला जातो. शिवाय मोबाइलवर येणारे प्रक्षेपण मैदानाच्या कित्येक सेकंद मागे असते. म्हणून वहीत 15, 30, 45, 60 आणि 75 या मिनिटांना स्वतःचा टक्का लिहा, आणि गोलनंतरची दोन मिनिटे काहीही लिहू नका.

वहीत रकाने सात: तारीख, सामना, आपले तीन टक्के, भाव, त्या भावाचे टक्के, निकाल आणि चूक. चूक मोजायची ती हवामानखात्याच्या रीतीने. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसला, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेला, 'उद्या पाऊस 70 टक्के' हा अंदाज बरोबर की चूक हे एका दिवसावरून ठरवता येत नाही, तसेच इथे. हवामानतज्ज्ञ ब्रायर यांनी 1950 मध्ये मांडलेले माप वापरा. घडलेल्या निकालाला 1 आणि बाकीच्या दोघांना 0 धरा, आपला टक्का त्यापासून किती दूर होता ते काढा आणि त्या फरकांच्या वर्गांची बेरीज करा. वरच्या उदाहरणात यजमान जिंकला तर 0.51 चा वर्ग, 0.25 चा वर्ग आणि 0.26 चा वर्ग यांची बेरीज 0.39. तिघांना सारखे टक्के देणाऱ्याला प्रत्येक सामन्यात 0.667 मिळतात. तुमची सरासरी त्याच्या खाली हवी, आणि बाजाराच्या सरासरीच्या जवळ आली तरी ती मोठी गोष्ट आहे.

कागदी नफ्याकडे मात्र लवकर पाहू नका. 2.00 भावाच्या दोनशे लगाया, प्रत्येकी 100 आणि सरासरी 3 चा फायदा धरला तर एकूण 600 अपेक्षित. नुसत्या नशिबाचा हेलकावा मात्र 1400 च्या आसपास असतो. चांगली पद्धत दोनशे सामन्यांनंतरही तोट्यात दिसू शकते आणि वाईट पद्धत नफ्यात. म्हणून पन्नास सामने झाले की टक्क्यांचे गट पाडा: तुम्ही 40 ते 50 टक्के म्हणालात ते सगळे एकत्र, 50 ते 60 चे एकत्र. पहिल्या गटातले सुमारे पंचेचाळीस टक्के खरे झाले पाहिजेत. पंचवीसच झाले असतील तर बहुधा काल्पनिक सामन्यांचे वजन कमी पडतेय. दहाचे पंधरा करा, पुढचे पन्नास सामने तेच ठेवा, आणि मध्येच बदलू नका.