पीसीचं घड्याळ सारखं मागे जायचं, माझा अनुभव

आमच्याकडे अमळनेरला रात्री लाइट गेली की सकाळी पीसीवर १ जानेवारी २००९, आणि तारीख चुकली की बँकेची साइट उघडायची नाही, कारण ब्राउझर साइटच्या सर्टिफिकेटची (तिच्या डिजिटल ओळखपत्राची) मुदत त्या तारखेशी ताडून बघतो. मला वाटलं व्हायरस, म्हणून उगाच विंडोज फॉरमॅट मारलं, अख्खा रविवार गेला. आई विचारतेय, "काय व्हयनं रे भाऊ?" काय सांगू!

शेवटी केबल काढून कॅबिनेट उघडलं. आत बोटभर धूळ, आणि मदरबोर्डवर (आतल्या मुख्य बोर्डावर) रुपयाच्या नाण्याएवढा सेल, सीआर२०३२. पीसीला वीज मिळत नसताना घड्याळ यावरच चालतं. नवा ३ व्होल्टचा असतो, माझा मल्टिमीटरवर २.१ दाखवत होता. बाजूची क्लिप नखाने दाबली की सेल टुणकन वर येतो, नवा प्लसची बाजू वर ठेवून बसवायचा. ३० रुपयात काम. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ टाकली.

तरी दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये बरोब्बर साडेपाच तास मागे! दोष सेलचा असता तर फरक असा मोजून मापून आला नसता. माझ्या पीसीवर विंडोजसोबत लिनक्सपण (दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) आहे, ते बोर्डावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं अन् विंडोज तीच लोकल, भारत यूटीसीच्या ५:३० पुढे, झाली भांडणं. लिनक्सला पण लोकल टाइम धरायला लावलं. पावसाळाभर लाइट जा-ये करतेय, घड्याळ अजून जागेवर आहे.