उपदेशकाची पारख कशी करावी: मंडळीतल्या विश्वासणाऱ्यांसाठी

मिरजेपासून कराडपर्यंतच्या पट्ट्यात आरोग्य सभा, आशीर्वाद सभा आणि घरगुती प्रार्थना केंद्रे वाढत आहेत, आणि त्यांतून बोलणारे पुष्कळ जण प्रामाणिक सेवक आहेत. तरीही खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहण्याची आज्ञा प्रभूने डोंगरावरील प्रवचनातच दिली असल्यामुळे पारख करणे हा अविश्वास नसून आज्ञापालन आहे. ही पारख करताना वक्तृत्व, गर्दी किंवा डोळ्यांतले अश्रू यांवर भर देऊ नये. तो माणूस स्वतःला तपासू देतो का, एवढा एकच प्रश्न निरनिराळ्या अंगांनी विचारत राहावा.

सुरुवात शास्त्रापासून करावी. बिरुया येथील लोकांनी खुद्द प्रेषित पौलाचा उपदेश शास्त्राशी दररोज ताडून पाहिला आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली आहे. पौलाला जे चालले ते आजच्या उपदेशकाला अपमानास्पद वाटत असेल, तर तेथेच थांबून विचार करावा. सभेला जाताना वही न्यावी, सांगितलेली वचने अध्याय व ओवीसह उतरून घ्यावीत आणि घरी आल्यावर त्या ओवीच्या आधीचा व नंतरचा भाग पूर्ण वाचावा. यिर्मया २९:११ हे हिताच्या संकल्पांविषयीचे वचन आपल्याकडे कॅलेंडरांवर आणि लग्नपत्रिकांवर छापले जाते, आणि पुष्कळदा या वर्षी घर, नोकरी किंवा परदेशाचा व्हिसा मिळण्याची हमी म्हणून ऐकवले जाते. प्रत्यक्षात ते बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले असून त्याच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षे थांबावे लागेल असे सांगितले आहे. त्याच पत्रात, आणखी दोन ओव्या मागे, तुमच्यातल्या संदेष्ट्यांकडून फसू नका असा इशाराही आहे. यिर्मयाच्याच अठ्ठाविसाव्या अध्यायातला हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असे परमेश्वराच्या नावाने सांगत होता. लोकांना दोन वर्षांचा संदेष्टा सत्तर वर्षांच्या संदेष्ट्यापेक्षा नेहमीच आवडतो, हे हनन्याला ठाऊक असावे. खोटी शिकवण बहुधा खऱ्याच वचनातून, त्याच्या आजूबाजूच्या ओव्या झाकून, तयार होते.

शिकवणीच्या गाभ्याविषयी थोडक्यात सांगता येईल. येशू ख्रिस्त देहाने आला हे १ योहान ४ मध्ये कसोटी म्हणून दिले आहे. प्रेषितांनी सांगितलेल्या सुवार्तेहून वेगळी सुवार्ता देवदूताने आणली तरी ती नाकारावी, असे पौल गलतीकरांना लिहितो. येशूच्या पुनरागमनाची तारीख सांगणाऱ्याला मत्तय २४:३६ (तो दिवस पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही) पुरेसे उत्तर आहे. मात्र काय बोलले जाते याबरोबरच काय कधीच बोलले जात नाही, याचीही नोंद ठेवावी. सलग काही महिने उपदेश ऐकूनही पश्चात्ताप, वधस्तंभ आणि शेजाऱ्याशी न्यायाने वागणे यांचा उल्लेख आला नसेल, तर प्रत्येक वाक्य सुटे पाहता खरे असूनही शिकवण खोटी असू शकते.

चमत्कार हा पुरावा मानू नये. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात तर सांगितलेले चिन्ह खरे झाले तरी, तो संदेष्टा परमेश्वरापासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकू नये असे स्पष्ट म्हटले आहे. व्यासपीठावरून एखाद्याचे नाव, आजार किंवा घरातले भांडण ‘प्रकट’ केले जाते, तेव्हा प्रार्थना-विनंतीच्या चिठ्ठ्या आधी कोणी गोळा केल्या आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात काय लिहिले गेले होते, हे शांतपणे पाहावे. बरे झाल्याची साक्ष ऐकल्यास आधीचा व नंतरचा वैद्यकीय अहवाल मागण्यात काहीही गैर नाही. प्रभूने शुद्ध केलेल्या कुष्ठरोग्यांनाही याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवण्यास सांगितले होते.

औषधांच्या बाबतीत मात्र अधिक कठोर असावे. मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभे केले आणि पुढे वॉन्लेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. शस्त्रक्रिया आणि प्रार्थना एकाच छपराखाली चालणे ही या भागातल्या ख्रिस्ती लोकांची जुनी रीत आहे. ज्यांच्या घरी आजी-पणजीपासून ही रीत चालत आली, त्यांना गोळी घेणे म्हणजे विश्वासाची कमतरता असे कोणी शिकवू लागला, तर तो या मातीतल्या साक्षीविरुद्धही बोलत आहे. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्यास औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो आणि इन्सुलिन बंद केल्यास जीव जाऊ शकतो. म्हणून असा सल्ला एकदा जरी कानावर आला, तरी पुढच्या कसोट्यांची वाट पाहू नये. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी झटले तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून राज्यात लागू आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखणे हा त्यात गुन्हा असून सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. देऊळ, दर्गा किंवा चर्चमध्ये इजा वा आर्थिक नुकसान न करता चालणाऱ्या विधींना तो कायदा हात लावत नाही, त्यामुळे त्याला घाबरण्याचे कारण प्रामाणिक पाळकाला नाही.

पैशाचा प्रश्न संकोच न करता विचारावा. ‘डिडाखे’ या आरंभीच्या मंडळीच्या नियमपुस्तिकेत नियम असा आहे की, फिरता संदेष्टा तीन दिवस राहिला किंवा त्याने पैसे मागितले तर तो खोटा समजावा, पण गरजू माणसासाठी मागत असेल तर त्याचा न्याय करू नये. पौलाने यहूदियातल्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना, कोणी बोट दाखवू नये म्हणून, मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली होती. म्हणून अर्पण कोण मोजतो, मोजताना किती जण असतात, फलकावरचा क्यूआर कोड न्यासाच्या खात्याचा आहे की उपदेशकाच्या स्वतःच्या, न्यास धर्मादाय कार्यालयात नोंदलेला आहे का आणि त्याचे हिशेब तपासले जातात का, हे विचारावे. उसाचे बिल खात्यावर जमा होण्याच्या दिवसांतच ‘बी पेरा, शंभरपट घ्या’ असा संदेश येऊ लागला, तर योगायोग मानू नये. मोटार किंवा कपडे पाहून मात्र निकाल देऊ नये, कारण झिजलेल्या चपला घालणारा माणूसही सत्तेचा लोभी असू शकतो.

फळांवरून ओळखण्याची कसोटी सर्वात विश्वसनीय आहे, पण तिला वेळ लागतो. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला एप्रिलमधल्या खरडछाटणीनंतर फुटलेली हिरवी पाने पाहून घडांचा अंदाज सांगता येत नाही, त्यासाठी ऑक्टोबरची फळछाटणी आणि पुढचे काही महिने जावे लागतात. उपदेशकाच्या बाबतीतही पहिल्या सभेतला उत्साह म्हणजे पाने समजावीत. अध्यक्षाला, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्याला, बाहेरच्यांची चांगली साक्ष असावी अशी अट १ तीमथ्य ३:७ मध्ये आहे. तेव्हा तो आधी ज्या गावी होता तेथील घरमालकाला, उधारी देणाऱ्या किराणा दुकानदाराला आणि ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांना भेटावे. तो स्त्रियांना एकट्याने प्रार्थनेला बोलावतो का, खाजगीत कबूल केलेली गोष्ट पुढे उपदेशात वापरतो का आणि त्याला सोडून गेलेल्यांना शाप देतो का, हेही पाहावे.

जुन्या मिशनच्या किंवा चर्चच्या बाहेर असणे हा दोष नव्हे. नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता, आणि उलट मोठ्या दगडी चर्चच्या व्यासपीठावरूनही चुकीचे शिकवले जाऊ शकते. चुकलेला आणि खोटा यांतही फरक करावा. प्रेषितांच्या काळातल्या अपुल्लोस या उपदेशकाचे ज्ञान अपुरे होते. प्रिस्किल्ला व अक्विला यांनी त्याला चारचौघांत न खोडता घरी नेऊन नीट समजावले, आणि पुढे तो अखयातल्या विश्वासणाऱ्यांच्या उपयोगी पडला. ३ योहान पत्रातला दियत्रफेस मात्र प्रेषिताचे म्हणणे मानत नसे आणि आलेल्या बंधूंचा स्वीकार करू पाहणाऱ्यांनाच मंडळीबाहेर काढत असे. म्हणून पहिली भेट खाजगीत, आदराने आणि वहीतली वचने पुढे ठेवून घ्यावी. त्यावर ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ (देवाने नेमलेल्याला प्रश्न विचारू नका, या अर्थी) एवढेच उत्तर आले, तर दोन-तीन साक्षीदारांसह मंडळीच्या वडीलजनांकडे जावे.

घरातली मावशी किंवा भाऊ आधीच अशा माणसाच्या प्रभावाखाली असेल, तर त्या व्यक्तीच्या श्रद्धेची थट्टा करू नये, कारण त्यामुळे ती त्याच्याच अधिक जवळ जाते. तिच्याबरोबर बसून त्याच आठवड्याच्या उपदेशातला अध्याय वाचावा आणि तिची औषधे चालू आहेत ना, हे आधी पाहावे. दिलेल्या रकमांच्या पावत्या, बँकेचे संदेश आणि ध्वनिफिती जपून ठेवाव्यात. फसवणूक किंवा उपचारबंदी झाली असल्यास पोलीस ठाण्यात तक्रार देताना त्यांचीच गरज पडते.