विंडोज १०चा सपोर्ट संपला? लॅपटॉपचा स्क्रू काढण्याआधी या चुका टाळा

पेनड्राइव्हवर फाइल होती, उघडतही होती. पण "सप्रेम नमस्कार वि. वि." असायला हवं तिथे डोक्यावर टिंबं असलेली रोमन अक्षरं, मधेच कंस, मधेच टक्क्याचं चिन्ह. देवळाच्या जत्रेची पत्रिका छापायला चार दिवस उरलेले. पंधरा वर्षं ती पत्रिका लॅपटॉपवर करणारे समितीचे काका गोव्यात फोंड्याला माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात डोक्याला हात लावून बसले होते. भाच्याने लॅपटॉपला नवी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी येणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) बसवून विंडोज ११ टाकून दिलं होतं. बॅकअप त्याने खरंच घेतला होता, फक्त फॉन्ट सोडून.

जुन्या लॅपटॉपचं अपग्रेड फसतं ते असं. स्क्रू काढणं आणि विंडोज टाकणं हे तासाभराचं काम, त्यात फार काही बिघडत नाही. बिघडतं त्याच्या आदल्या संध्याकाळी, घाईत.

तारीख ऐकून घाबरू नका

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून १५ तारखेला लॅपटॉप बंद पडला नाही. बंद झाली ती सुरक्षेची ठिगळं. नव्या सापडलेल्या भोकातून कुणी आत शिरलं तर ते बुजवणारा आता कोणी नाही. नेट बँकिंग करणाऱ्याने हे हसण्यावारी नेऊ नये. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये गेला, तरी "चालतंय की" म्हणत लोकांनी ते वापरलं. मग २०२३च्या फेब्रुवारीत क्रोमनेही हात वर केले. १०९ ही त्यावरची शेवटची आवृत्ती.

पण मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते, आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात तर पैसे पडत नाहीत. एवढी उसंत शांतपणे बघून ठरवायला पुरते.

नोंदणी करताना एक सांभाळा. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, तुमचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याकडे ओढून घेऊ शकतो. फुकटची जागा ५ जीबी, ती लग्नाच्या फोटोंनीच भरते. मग जागा करायला लोक वनड्राइव्हमधून फाइली उडवतात आणि त्या लॅपटॉपवरूनही जातात. फोल्डरचा बॅकअप बंद ठेवा.

आधी खरेदी, मग चौकशी

ही चूक सगळ्यात महाग. सेल लागला म्हणून रॅम मागवायची आणि मग मला विचारायचं, "बसेल ना?"

पहिल्यांदा प्रोसेसर बघा. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये साधारण रायझन ३०००पासून पुढे. लॅपटॉपवर आय५-८२५०यू असेल तर पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी, चालेल. आय५-७२००यू असेल तर सातवी. तिथे कितीही रॅम आणि कितीही भारी एसएसडी घाला, मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो येणार नाही. लॅपटॉप वेगवान नक्की होईल, पण विंडोज ११साठी पात्र होणार नाही. या दोन गोष्टींची गल्लत दुकानदारही करतात.

प्रोसेसर यादीत असूनही मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं अ‍ॅप, पीसी हेल्थ चेक, "टीपीएम नाही" म्हणत असेल, तर बहुतेक वेळा हा टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसता बंद असतो. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने शोधा आणि चालू करा.

आता रॅम. डीडीआर३ आणि डीडीआर४ या तिच्या पिढ्या. डीडीआर३च्या पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ला २६०. एक दुसरीच्या जागी बसतच नाही. डीडीआर३ आणि डीडीआर३एल मात्र दिसायला सारख्या, बसतातही. फरक व्होल्टेजचा, १.५ आणि १.३५. अनेक लॅपटॉपना एलवालीच लागते, साधी घातली की स्क्रीन काळी. मागचं झाकण उघडून जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा, फोटो काढा आणि तो दुकानात दाखवा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते. तिथे वाढवायचा विषयच संपला.

एसएसडीचंही तेच. हार्डडिस्कच्या जागी बसणारी अडीच इंची साटा एसएसडी घेतली तर सहसा चुकत नाही. एम.२ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची खाच दिसली की लोक जास्त वेगवान एनव्हीएमई प्रकारची घेतात, पण जुन्या लॅपटॉपमधल्या काही खाचा फक्त साटा या जुन्या जोडणीच्या असतात. एनव्हीएमई तिथे दिसतच नाही. आणि खरं सांगू? ज्या लॅपटॉपवर अजून फिरणारी हार्डडिस्क आहे, त्याला कुठलीही साधी साटा एसएसडी लावली तरी घरचे म्हणतात, नवा आणला काय?

बॅकअप म्हणजे नुसते फोटो नव्हेत

काकांच्या पत्रिकांकडे परत येऊ. गोव्यात जत्रेच्या पत्रिका, नाटकांच्या संहिता, भजनी मंडळांचे अभंग अशा असंख्य फाइली यूनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसावं अशी आजची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये पडून आहेत. त्या फाइलीत मराठी अक्षर नसतंच. असतात रोमन खुणा, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो. फॉन्ट गेला की चेहरा गेला. म्हणून विंडोजच्या फोल्डरातलं फॉन्ट्स हे फोल्डर आख्खं कॉपी करा. टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे यूएसबीत खोचायच्या किल्लीवर चालत असेल तर ते विंडोज ११वर चालतं का, हे आधी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बघा.

आणखी एक मेख. ४ जीबीहून कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर बऱ्याचदा ३२ बिटचं विंडोज १० असतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं. त्यामुळे तिथे वरच्यावर अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्यानेच टाकावं लागतं. जुन्या प्रिंटरचा ३२ बिटचा ड्रायव्हरही तिथेच राम म्हणतो.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. टीपीएममध्ये बदल झाला की लॅपटॉप हीच की मागतो. ती लॅपटॉपमधल्याच फाइलीत ठेवणारे मी पाहिले आहेत. घराची किल्ली आत ठेवून कडी लावायचा प्रकार.

पावसाळ्यात बायोस अपडेट नको

जूनमध्ये ढग गडगडत असताना, मेलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपवर बायोस अपडेट लावायचं आणि मधेच लाईट जायची. मग मदरबोर्डच हातात. बॅटरी धरत नसेल तर यूपीएस लावा, नाहीतर अपडेट सोडून द्या. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर आतली बॅटरी फुगली आहे. आधी ती बदला, बाकी नंतर.

किनाऱ्याकडच्या गावांतून येणाऱ्या लॅपटॉपचे खालचे स्क्रू खाऱ्या हवेने गंजलेले असतात. जोर लावलात तर डोकं झिजतं. मापाचाच स्क्रूड्रायव्हर घ्या, सरळ दाबून हळू फिरवा.

बसवलं, पण चालू होत नाही

काळी स्क्रीन किंवा बीप आली तर रॅम काढा, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसा, पुन्हा टक् आवाज येईपर्यंत बसवा. दमट हवेत एवढ्याने निम्मे लॅपटॉप उठतात. मात्र हे करताना चार्जर काढलेला आणि बॅटरीची वायर सोडवलेली हवी.

बूट करायला डिस्क नाही असं म्हणत असेल तर बायोसमध्ये लेगसी आणि यूईएफआय या चालू होण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धतींचा घोळ असतो. जुनं विंडोज लेगसीत टाकलेलं असताना थेट यूईएफआय केलंत तर ते उठणार नाही. पुन्हा लेगसी करा, विंडोज चालू होईल. मग विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी हे साधन वापरून त्याच डिस्कची मांडणी बदला आणि नंतर यूईएफआय करा.

यादीत न बसणाऱ्या लॅपटॉपवर रूफसने (विंडोजचा पेनड्राइव्ह बनवून तपासणीला बगल देणारं सॉफ्टवेअर) विंडोज ११ टाकून देणारे बरेच आहेत. चालतं, पण मायक्रोसॉफ्ट त्यावर अपडेटची हमी देत नाही. घरात ब्राउझर, ईमेल आणि पिक्चर एवढंच काम असेल तर मी विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट सुचवतो. २२ आवृत्तीला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. टॅली किंवा डिजिटल सहीचा टोकन लागत असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

काकांची जुनी हार्डडिस्क भाच्याने नशिबाने पुसली नव्हती, खणात टाकली होती. यूएसबीच्या डबीत घालून जोडली, फॉन्ट उचलले, पत्रिका वाचता आली. तुमचीही जुनी डिस्क निदान दोन महिने तशीच ठेवा. काका आता पुढच्या वर्षीची पत्रिका यूनिकोडमध्ये टाइप करायला घेणार आहेत, म्हणजे माझ्याकडून करून घेणार आहेत.